मामाने सुचवलेली ठेव

धरमतरच्या खाडीकाठी मासळीचे किंवा गणपतीच्या कारखान्यातले चार पैसे कुठे ठेवायचे, हे बहुधा मामा, मेहुणा नाहीतर शेजारीच सांगतो. सल्ला मायेचा असतो, म्हणून तो कुणी तपासत नाही. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि अशा भरवशावर ठेवलेली आयुष्यभराची पुंजी अडकली. तेव्हा ठेव विम्याचे संरक्षण होते फक्त १ लाखाचे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते ५ लाख झाले.

हा विमा मोजतात कसा, हे मात्र सल्ला देणाऱ्यालाही माहीत नसते. एका माणसाच्या नावावर एका बँकेत जे काही आहे, ते सगळ्या शाखांतले मुद्दल आणि व्याज धरून एकत्र मोजतात. एकाच बँकेच्या पेण शाखेत ३ लाख आणि रोहा शाखेत ३ लाख ठेवले, तरी संरक्षण ५ लाखांचेच. हप्ता बँक भरते, ठेवीदार नाही. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागूच नाही! गावात तिलाही सर्रास बँक म्हणतात, ते मला फार धोक्याचे वाटते.

नातलगाच्या कर्जाला जामीन राहण्याचेही तसेच: सही मायेपोटी होते, नियम कुणी तपासत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार, वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

भाचीला ठेव सुचवण्याआधी एवढे विचारा: ही बँक आहे की पतसंस्था?