गोसीखुर्दचे विस्थापित व जागतिक हक्कलेख

१. स्थल. गोसीखुर्द हें भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांतील वैनगंगातीरचें गांव होय. पवनीचें नांव संशोधकांस परिचित आहेच. १९६९-७० सालीं तेथें झालेल्या उत्खननांत बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडांत आले, व त्यांच्या शिलांवर दात्यांचीं नांवें ब्राह्मी लिपींत आढळलीं. ह्याच परिसरांत २२ एप्रिल १९८८ रोजीं राजीव गांधी यांचे हस्तें धरणाचा शिलान्यास झाला. २००९ सालीं त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणामुळें भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गांवें उठलीं. उठलेल्या मनुष्याचा हक्क कोणत्या लेखानें सिद्ध होतो, याचा येथें विचार करावयाचा आहे.

२. लेखपरंपरा. पहिला लेख १० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा. त्याच्या पहिल्या कलमांतील पुरुषवाचक शब्द काढून ‘सर्व मानव’ असा अर्थ आणण्याचें श्रेय हंसा मेहता यांस दिलें जातें. मालमत्ता मनमानीनें हिरावूं नये, असें कलम १७ सांगतें. परंतु हा जाहीरनामा आहे, करार नव्हे.

दुसरा लेख आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५७ चा करार क्रमांक १०७. भारतानें तो १९५८ सालीं मान्य केला. लोकांस हलविणें अपरिहार्य झाल्यास निदान तितक्याच प्रतीची जमीन द्यावी, असें त्याचें कलम १२ म्हणतें. मात्र हा करार आदिवासी व तत्सम समाजांपुरता आहे. इतर शेतकरी त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

तिसरा लेख संयुक्त राष्ट्रांचीं १९९८ चीं मार्गदर्शक तत्त्वें. त्यांत जातिजमातीचा भेद नाहीं. सबळ लोकहित नसतां मोठ्या प्रकल्पासाठीं केलेलें विस्थापन तीं मनमानी ठरवितात. पण तींही बंधनकारक नाहींत.

३. मूल्य. तात्पर्य, जो लेख व्यापक तो दुर्बळ, व जो सबळ तो संकुचित. हें अंतर देशी कायद्यानेंच भरून निघावयाचें. महाराष्ट्रानें पुनर्वसनाचा कायदा १९७६ सालींच केला होता. परंतु भूसंपादनाचा १८९४ चा कायदा मुख्यतः जमिनींत हितसंबंध असणारासच ओळखीत असे. २०१३ च्या केंद्रीय कायद्यानें पाण्यावर उपजीविका करणारे मच्छीमार व नावाडीहि बाधितांत गणिले. अट इतकीच कीं, संपादनापूर्वीं तीन वर्षें तीच मुख्य उपजीविका असावी. आतां नावाड्याचें नांव सात-बाऱ्यावर कोठून असणार? त्याचा पुरावा म्हणजे मच्छीमार संस्थेची पावती, ग्रामपंचायतीचा दाखला, एखादी जुनी नोटीस.

४. विनंति. हीं कागदपत्रें घर हलवितांना सर्वांआधीं नष्ट होतात. संग्राहकांनीं गांवठाणाचे नकाशे, ठराव, निवाडे व पावत्या यांच्या नकला अवश्य कराव्या, तारीख व स्थल नोंदवावें. परंतु अस्सल कागद कुटुंबापाशींच ठेवावा. आपणांस तो इतिहासाचें साधन असला, तरी त्या घरास तो अद्याप दाव्याचा पुरावा आहे.