घर ट्रस्टमध्ये टाकले म्हणजे कर्ज टळते काय?

'ट्रस्ट' हा शब्द आपल्या सभासदांना नवा नाही. पण संस्थेचा ट्रस्ट सार्वजनिक, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. कुटुंबाच्या घराचा ट्रस्ट खाजगी असून त्याला १८८२ चा भारतीय न्यास कायदा लागू पडतो. असा ट्रस्ट मृत्युपत्राने किंवा नोंदणीकृत दस्तानेच होतो; साध्या स्टँपपेपरवर लिहून ठेवलेल्या कागदाने नव्हे.

बँकेच्या काउंटरवर बसून मी पाहतो, सूत महागले, कापडाचे पैसे अडकले, हप्ते थकले की भिवंडीतल्या लूमवाल्याला कोणीतरी हमखास सांगतो, "घर मुलांच्या नावे ट्रस्टमध्ये टाका, बँक हात लावू शकणार नाही." हा सल्ला अर्धवट आहे.

घर आधीच गहाण असेल तर तो बोजा घराबरोबरच जातो. २००२ च्या कायद्याने बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात न जाताही ताबा घेण्याची कारवाई करू शकते. गहाण नसेल, पण धनकोंना बुडवण्याच्या किंवा त्यांची वसुली लांबवण्याच्या हेतूने ट्रस्ट केला असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे धनको तो रद्द करवून घेऊ शकतो. येथे तारीख बोलते. कर्ज थकल्यानंतर केलेल्या दस्ताकडे कोर्ट संशयानेच पाहणार.

आणखी एक मेख आहे. नाव विश्वस्तांचे, पण घराची विल्हेवाट स्वतःच्या फायद्यासाठी लावण्याचा अधिकार बापाने हातात ठेवला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली त्या घरावर टाच येऊ शकते. याउलट, डोक्यावर देणे नसताना, खरोखर मुलांसाठी आणि स्वतःचा हक्क न ठेवता केलेला ट्रस्ट सहसा टिकतो. मात्र घर मग आपले राहत नाही, हे आईबापांनी सही करण्यापूर्वी समजून घ्यावे.

बायकामुलांच्या संरक्षणासाठी याहून सोपा मार्ग १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्यात आहे. नवऱ्याने त्याखाली पत्नी व मुलांसाठी घेतलेली आयुर्विमा पॉलिसी हीच ट्रस्ट ठरते. धनकोंना बुडवण्यासाठी हप्ते भरले नसतील तर तिच्यावर त्याच्या धनकोंचा हक्क चालत नाही. पॉलिसी घेतानाच तसे लिहून द्यावे लागते, आणि एजंट ते क्वचितच सांगतो.

कलम ६० मध्येच शेतकरी, मजूर व घरगुती नोकर यांचे स्वतःचे राहते घर टाचेतून वगळले आहे. म्हणून लूमवर काम करणाऱ्याने दुसऱ्याच्या कर्जापायी आपले घर गहाण देऊ नये. गहाणापुढे ही सवलत उपयोगी पडत नाही.