कारीची पानं आणि आपल्या माळ्यावरचं दप्तर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

भोर तालुक्यात रायरेश्वराच्या बाजूला कारी नावाचं गाव आहे. कान्होजी जेध्यांचं गाव. तिथल्या देशमुखांच्या दप्तरात काही जुनी पानं होती. कोणत्या शकात काय घडलं याच्या त्रोटक नोंदी, एकाखाली एक. वाण्याच्या खतावणीसारख्या कोरड्या. जेधे घराण्याकडून ती पानं लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाकडून प्रसिद्ध झाली. हीच जेधे शकावली. १६१८ ते १६९७ या काळातल्या घटना तिच्यात आहेत आणि शिवाजी महाराजांची जन्मतिथीही आहे. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तोवर महाराजांचा जन्म १६२७ मधला मानत. पुढे शिवभारत या संस्कृत काव्यातही हीच तिथी मिळाली. विद्वानांचे वाद पुष्कळ झाले आणि अखेर २००१ मध्ये राज्य शासनानं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. एका घरानं जपलेल्या कागदानं साऱ्या महाराष्ट्राचा शिवजयंतीचा दिवस बदलला.

जाता जाता एक हिशेब सांगतो, तो घरचे कागद वाचताना कामाला येतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो असं आपण शाळेत शिकलो. १५५१ मध्ये ७८ मिळवले तर १६२९ होतात. मग १६३० कुठून आलं? शकाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं, इंग्रजी वर्ष एक जानेवारीला. त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवायचे. हे ध्यानात न ठेवल्यानं पणजोबांचं वय एका वर्षानं चुकलेली वंशावळ मी अनेक घरांत पाहिली आहे.

भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांतून मी जुन्या कागदांची छायाचित्रं घेत फिरतो. रोहिडखोरं, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरं. ही सारी जुन्या वतनदारांची भूमी. महजर, वाटणीपत्रं, गहाणखतं, पाटीलकीच्या भांडणाचे करीने, लग्नातल्या आहेराच्या याद्या, असं काय काय निघतं. बहुतेक मोडीत. कागद रुमालात बांधलेले, रुमाल पत्र्याच्या पेटीत आणि पेटी माळ्यावर. २००३ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केलं तेव्हा अनेकांना वाटलं, आता आपल्या दप्तराचीही नोंद होईल. पण मिशनच्या व्याख्येत पोथ्या बसतात. महसुली कागद आणि फर्मानं तिच्यात येत नाहीत. म्हणजे घरोघरची दप्तरं घरच्यांनीच सांभाळायची.

आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. बोरूनं लिहिलेली जुनी काळी शाई काजळी आणि डिंकाची असे. ती उन्हानं उडत नाही, दोन-अडीचशे वर्षांनीही काळीभोर दिसते. पण डिंक पाण्यात विरघळतो. कौल सरकून एक रात्र पाणी गळलं की अक्षरं वाहून जातात. वाळवी आणि कसर आहेतच. त्यात धरणं. भाटघर, पानशेत, नीरा देवघर, गुंजवणी. इतक्या लहान मुलखात इतकी धरणं. घरं उठली तेव्हा लोकांनी भांडी घेतली, देव घेतले, जोती सोडली. कुणी दौंडकडे गेलं, कुणी मुंबईला. पेटी एका भावाकडे राहिली आणि कागद वाचू शकणारा म्हातारा दुसऱ्याकडे.

जुन्या कागदाची किंमत लोकांना एकदम कळली ती २०२३ मध्ये. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळेची दाखलाबुकं, हक्कनोंदी बाहेर निघाल्या आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या. एरवी जे काम व्हायला वीस वर्षं लागली असती ते काही महिन्यांत झालं. त्यामागचं कारण राजकीय होतं, हे मान्य करूनही मला ते काम मोठं वाटतं.

पण संगणकावर शोधायचं तर नाव बरोबर हवं आणि आमच्याकडे नावांचा घोळ आहे. १९४८ पर्यंत इथे पंतसचिवांचं भोर संस्थान होतं. त्याच्या तालुक्यांना गडांची नावं होती. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. शिवाय राजगड, सुधागड. आजोबांच्या कागदावर ‘तालुके प्रचंडगड’ असेल तर नातू ते जिल्ह्याच्या यादीत शोधून थकतो. सुधागड तर आज रायगड जिल्ह्यात आहे, तेव्हा तिकडचे कागद पुण्यात शोधून उपयोग नाही. भरीला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला. तोरण्याच्या पायथ्याचं वेल्हे आता राजगड तालुक्यात! म्हणून छायाचित्राला नाव देताना कागदावरचं नाव आणि आजचं नाव, दोन्ही लिहावीत.

छायाचित्र घेणं अवघड नाही. मोबाइलचा कॅमेरा पुरतो. फ्लॅश बंद ठेवा. दाराशी किंवा खिडकीशी, सावलीतल्या उजेडात कागद सपाट ठेवा आणि फोन वरून सरळ धरा. शेजारी एक मोजपट्टी ठेवली की कागदाचा आकार कळतो. पाठकोऱ्या दिसणाऱ्या कागदाची मागची बाजूही घ्या. शिक्का, शेरा नेमका तिथेच सापडतो. स्कॅनर असेल तर तीनशे डीपीआयच्या खाली जाऊ नका. रुमालातला क्रम मोडू नका, कारण कोणता कागद कशाला जोडून ठेवला होता, हीसुद्धा माहिती असते. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टीही लावू नका. प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, ते काढायला गेलं की अक्षर सोबत येतं. छायाचित्रांच्या तीन प्रती करा आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवा. वीस वर्षांपूर्वी हौसेनं सीडीवर भरलेलं दप्तर आज लावायला घरात यंत्र नाही, तेव्हा दर चार-पाच वर्षांनी प्रत नव्या साधनावर उतरवायला हवी. मूळ कागद मात्र टाकायचा नाही.

कागद दाखवायला लोक कचरतात, यात नवल नाही. वाटणीचा कागद बाहेर आला तर चुलत्याचा दावा उभा राहील ही भीती खोटी नसते. मी घरच्या साऱ्या भाऊबंदांसमोर विचारतो. कुणी नको म्हटलं तर पेटी बंद करतो. मालकी हक्काचे अलीकडचे कागद संकेतस्थळावर टाकूच नयेत, असं माझं मत आहे.

दप्तरात आणखी एक उणीव असते. वंशावळीत बाई नाही. पाच-सहा पिढ्यांचे पुरुष ओळीनं मिळतात, त्यांच्या आया, लेकी, बहिणी गायब. त्यांचा इतिहास जात्यावर होता. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून ओव्या जमवायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा झाल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आहेत. काहींचं ध्वनिमुद्रणही आहे, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव यांसह. माहेरचं गाव, भावाचं नाव, सासरची वाट असं सगळं बाईनं ओवीत ठेवलेलं असतं. जे कुठल्याच तलाठ्यानं लिहिलं नाही.

म्हणून मोडीचा कागद वाचायला कुणी नसेल तर तो थांबेल. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे, शिकवणारेही आहेत. आधी घरातल्या आजीजवळ बसा. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत कोण कोण आहे, ते तिला विचारा आणि मोबाइलवर तिच्याच आवाजात मुद्रित करा. मागच्या रांगेतली, डोक्यावर पदर घेतलेली ती बाई कोण, हे सांगू शकणारी बहुधा ती एकटीच उरलेली असते.