संगणकीय भाषा, महासागरविज्ञानातील

महासागरातील तापमान, लवणता, दाब, प्रवाह, विरघळलेला ऑक्सिजन इ. राशींच्या निरीक्षणांचे संगणकाच्या साहाय्याने विश्लेषण करण्यासाठी ज्या भाषांत आज्ञावली लिहितात, त्यांचा विचार येथे केला आहे. विश्लेषणास लागणारा वेळ व खर्च भाषेच्या निवडीवर अवलंबून असतो. तसेच निष्कर्ष इतरांना पुन्हा तपासता येतील की नाही, हेही काही अंशी तीवरच ठरते.

आधारसामग्रीचे स्वरूप : जहाजावरून पाण्यात सोडण्यात येणारी विद्युत् संवाहकता, तापमान व खोली मोजणारी काही उपकरणे दर सेकंदास २४ वेळा मापन करतात. आर्गो या आंतरराष्ट्रीय योजनेतील सुमारे ४,००० स्वयंचलित प्लव साधारणपणे १,००० मी. खोलीवर वाहत राहतात आणि दर १० दिवसांनी २,००० मी. पर्यंत खाली जाऊन वर येताना नोंदी घेतात. उपग्रह व प्रतिमाने यांपासून मिळणारी सामग्री याहून पुष्कळ मोठी असते. एक अंश अक्षांश व एक अंश रेखांश अशा चौकटींत पृथ्वीचा पृष्ठभाग विभागल्यास ६४,८०० चौकटी होतात; ४० वर्षांच्या मासिक सरासरीसाठी एकाच राशीची ३ कोटी ११ लाखांहून अधिक स्थाने लागतात. अशी सामग्री बहुधा ‘नेटसीडीएफ’ या स्वरूपात साठवितात. तीत आकड्यांबरोबरच एकके, अक्षांश, रेखांश, काळ व गहाळ मापनांची खूण यांची नोंद असते. त्यामुळे हे स्वरूप सहजपणे वाचता येणे ही भाषेची पहिली कसोटी होय.

प्रमुख भाषा : आय्‌बीएम कंपनीतील जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनी तयार केलेली फोर्ट्रान ही भाषा १९५७ मध्ये प्रचारात आली. तिच्यातील आज्ञावलीचे आधी यंत्रभाषेत रूपांतर होत असल्याने आकडेमोड अतिशय जलद होते. मॉम, रॉम्स, नेमो ही महासागरीय प्रतिमाने याच भाषेत आहेत. तथापि आलेख काढणे व सामग्री चाळून पाहणे यांसाठी ती गैरसोयीची आहे.

क्लीव्ह मोलर यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांसाठी मॅटलॅबची रचना केली. १९८४ पासून ती व्यापारी स्वरूपात उपलब्ध झाली. आव्यूहांवर थेट क्रिया करण्याची सोय व उत्तम आलेखन यांमुळे महासागरवैज्ञानिकांत ती लोकप्रिय झाली. मात्र तिच्या वापरासाठी परवाना शुल्क द्यावे लागते. ऑक्टेव्ह ही तिच्याशी बरीच मिळतीजुळती प्रणाली विनामूल्य आहे.

खीडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली पायथॉन ही भाषा विनामूल्य आहे. तिच्यातील एकेका आकड्यावर फिरणारी आवर्तने मंद असतात. परंतु नमपाय या संग्रहाद्वारे संपूर्ण सारणीवर एकदम क्रिया केल्यास ही उणीव बव्हंशी दूर होते. आर ही भाषा सांख्यिकीय कामासाठी, म्हणजे उदा., मत्स्यसंख्येचे अंदाज वा कलांची सार्थता पाहण्यासाठी विशेष सोयीची आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जूलिया भाषेत लेखनसुलभता व वेग यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न आहे.

दक्षता : फोर्ट्रान व मॅटलॅब यांत सारणीतील घटकांची गणना सामान्यतः १ पासून, तर पायथॉनमध्ये ० पासून होते. पहिल्या दोहोंत घटक स्तंभांच्या क्रमाने साठवितात. नमपायमध्ये नेहमीचा क्रम ओळींचा असतो. एका भाषेतील आज्ञावली दुसरीत उतरविताना हे ध्यानात न घेतल्यास एका खोलीचे तापमान दुसऱ्या खोलीच्या नावे लागते आणि संगणक चूक दाखवीत नाही. आर्गोच्या सामग्रीत गहाळ मापनासाठी येणारा ९९९९९ हा आकडा तसाच सरासरीत धरल्यास उत्तर निरर्थक होते. अक्षांशानुसार चौकटींचे क्षेत्रफळ घटत जाते. ६० अक्षांशावरील चौकट विषुववृत्तावरील चौकटीच्या सुमारे निम्मी असते. हा भार न दिल्यास कोणत्याही भाषेत सरासरी चुकतेच.

२००६ मधील एका अभ्यासात २००३–०५ या काळात महासागराचा वरचा ७५० मी. जाडीचा थर थंड झाल्याचे दिसून आले होते. काही प्लवांच्या सामग्रीवरील प्रक्रियेत मापने चुकीच्या दाबाशी जोडली गेली होती, तसेच जहाजांवरून टाकण्यात येणाऱ्या तापमापकांच्या नोंदी वास्तवाहून उष्ण होत्या, असे २००७ मध्ये आढळले. दुरुस्तीनंतर ती थंडी उरली नाही. मूळ नोंदी जपून ठेवलेल्या होत्या व त्यांवरील प्रक्रिया पुन्हा करता आली, म्हणूनच ही चूक सुधारता आली.

निवड : प्रतिमान चालविण्यासाठी फोर्ट्रान व सामग्रीच्या परीक्षणासाठी पायथॉन वा मॅटलॅब अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी आढळते. समुद्रजलाच्या गुणधर्मांची २०१० मधील आंतरराष्ट्रीय सूत्रे (टीईओएस–१०) या सर्व भाषांत तयार मिळत असल्याने घनता काढण्यापुरता भाषेचा प्रश्न गौण ठरतो. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रामार्फत आर्गोची सामग्री उपलब्ध होते. विनामूल्य भाषांमुळे लहान महाविद्यालयातील विद्यार्थ्यासही तिचा अभ्यास करता येतो. नवशिक्याने आपले सहकारी वापरीत असलेली भाषा प्रथम शिकावी, कारण आज्ञावलीतील दोष बहुधा दुसऱ्याच्या नजरेस आधी येतो.