एवढा घोडा झाला तरी!

गेल्या ईदला आमच्या घरी पाहुणे जमले होते. शीरखुर्मा झाला, मोठी माणसे गप्पांत रंगली आणि मुले आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने आतून हसण्याचा एकच गलका उठला. जाऊन पाहतो तर पलंगाची लोंबती चादर कुणीतरी वर सारली होती आणि आमच्या अकरा वर्षांच्या मुलाचे 'नागपूर' उघडे पडले होते. चपलांच्या खोक्यांची स्टेशने, काड्यापेट्या जोडून केलेली मेट्रो, खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतची सगळी लाईन. बर्डीच्या स्टेशनवर बाटल्यांच्या झाकणांचे प्रवासी रांगेत उभे होते. "एवढा घोडा झाला तरी खेळण्यांत रमतो!" भावंडांपैकी एक जण म्हणाला. फुफीने त्यात भर घातली. आणि खरे सांगायचे तर आम्हीही हसलो.

दुसऱ्या दिवशी पलंगाखाली काहीच नव्हते. सारे पोत्यात भरून त्याने स्वतःच माळ्यावर टाकले होते. विचारले तर म्हणाला, "अम्मी, ते लहानपणीचं होतं."

अभ्यास कर म्हणून शंभरदा सांगावे लागणाऱ्या मुलाने ही गोष्ट मात्र एका हसण्यात ऐकली, हे आम्हाला लागून राहिले.

घोड्यावरूनच एक हदीस आठवली. अबू दाऊद यांच्या संग्रहात ती आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एका मोहिमेवरून परतले होते. तबूक किंवा खैबर, असे कथन करणाऱ्यानेच म्हटले आहे. वाऱ्याने कोनाड्यावरचा पडदा उडाला आणि हजरत आयशा (रजि.) यांच्या बाहुल्या दिसल्या. त्यांच्या मधोमध एक घोडा होता आणि त्याला चिंध्यांचे दोन पंख होते. प्रेषितांनी (स.) विचारले, हे काय आहे? घोडा. आणि त्याच्यावर हे काय? पंख. घोड्याला कधी पंख असतात का? त्यावर हजरत आयशांनी (रजि.) उलट विचारले की सुलैमान (अलै.) यांच्याकडे पंखांचे घोडे होते हे आपण ऐकले नाही का? प्रेषित (स.) इतके हसले की त्यांच्या दाढा दिसल्या.

हसणे तिथेही होते, आमच्या घरीही होते. पण तिथे आधी प्रश्न होते. हे काय, ते काय, असे एकेक विचारत प्रेषित (स.) त्या खेळाच्या आत गेले आणि उत्तर ऐकून हसले. आम्ही बाहेरच उभे राहून हसलो. बुखारींच्या संग्रहात असेही आले आहे की प्रेषित (स.) घरात येताच हजरत आयशांच्या (रजि.) मैत्रिणी लपत, तेव्हा ते त्यांना पुन्हा खेळायला पाठवत. मोठे माणूस दिसताच खेळ लपवावासा वाटतो, ही मुलांची जुनीच सवय दिसते.

मूर्तींबाबत आपल्याकडे जी काळजी घेतली जाते ती योग्यच आहे. पण या हदीसींच्याच आधारे बहुसंख्य विद्वानांनी मुलांच्या बाहुल्यांना मोकळीक दिली आहे. मदीनेत आशुराच्या रोजाला लहान मुलांनाही सामील करून घेत आणि भुकेने रडणाऱ्यांना लोकरीची खेळणी करून देत, असे रुबय्यि बिन्त मुअव्विज (रजि.) यांनी सांगितले आहे. इबादत आणि खेळणे एकाच घरात, एकाच दिवशी सुखाने नांदत होते. राहता राहिली चेष्टा. एकमेकांची टर उडवू नका, नावे ठेवू नका, असे सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट सांगितले आहे. त्यातून अकरा वर्षांचा मुलगा वगळला आहे, असे आम्हाला तरी कुठे दिसले नाही.

आपल्या नागपूरला तर खेळण्यांचे वावडे मुळीच नसावे. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी इथे तान्हा पोळा असतो. दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ साली तो सुरू केला असे सांगतात. खरा बैल लहान मुलाच्या हातात कसा देणार? म्हणून चाकांवरचा लाकडी बैल. आधीपासूनच बाजारात मुठीएवढ्या बैलांपासून माणसाहून उंच बैलांपर्यंत रांगा लागतात. मग मुले आपापला बैल सजवून दोरीने ओढत घरोघर नेतात आणि बोजारा घेतात. त्यातला पूजेचा भाग आपला नाही. पण त्या दिवशी मिसरूड फुटलेला मुलगाही लाकडी बैल ओढत रस्त्याने जातो आणि त्याला कुणी घोडा म्हणत नाही, हे आपण गॅलरीतून दरवर्षी पाहतो. मग उरलेल्या दिवसांनीच काय घोडे मारले आहे?

गंमत म्हणजे त्याच ईदला एक भाचा तीन तास मोबाईलवर गोळ्या झाडत बसला होता. त्याला कुणी हसले नाही. उलट 'मोठा झाला, हुशार आहे' असेच सगळे म्हणाले. विकतचा, दुसऱ्याने रचलेला खेळ मोठेपणाचा आणि स्वतःच्या डोक्यातून काढलेला पोरकट, हा हिशेब आम्हाला काही कळत नाही. मुलगीच्या बाबतीत तर आणखी एक वाक्य तयार असते, 'उद्या सासरी जायची आणि बाहुल्या काय खेळते!' मुलगा भातुकलीत बसला तर त्याचे तर विचारूच नका. १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३१ मध्ये खेळण्याचा हक्क लिहिला आहे आणि १९९२ मध्ये भारतानेही तो करार मान्य केला. पण फुफीसमोर कलम कोण वाचणार!

नमाज चुकते, गृहपाठ राहतो, अशी तक्रार असेल तर ती तशीच सांगावी. ती वेळेची तक्रार झाली. त्यासाठी काड्यापेट्यांची मेट्रो हसण्यावारी नेण्याची गरज नाही.

आम्ही मुलाला पंखांच्या घोड्याची हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "पंख शिवले होते की चिकटवले होते?" आम्हाला सांगता आले नाही. ईदला हसलो ते चुकले, हेही त्याला सांगितले. त्यावर तो काही बोलला नाही.

चार दिवसांनी माळ्यावरचे पोते खाली आले. बर्डीचे स्टेशन दबले होते, ते त्याने नव्या खोक्याने उभारले. दार मात्र अजून लावूनच खेळतो. आम्ही वाजवून आत जातो.