एकशे बाहत्तरावा दिवस

डरहॅम बुल्सचा बेसबॉल सामना बघायला गेले की धावफलकाआधी माझी नजर राखीव पिचरांच्या बाकाकडे जाते. काल होता त्यांपैकी आज कोण नाही? मंगळवारी एक डाव टाकलेला उंच डावखुरा गुरुवारी दिसत नाही, आणि रात्री टॅम्पा बे रेजच्या स्कोअरकार्डात त्याचं नाव सापडतं. रविवारी तो परत इथल्या बाकावर. मंगळवार ते रविवार एकाच पाहुण्या संघाशी सहा सामने असतात, त्यामुळे नेहमी येणाऱ्याला ही ये-जा लगेच कळते. कधी सामना चालू असतानाच धडधाकट बॅटरला बाहेर बोलावतात आणि डगआउटमध्ये सगळे त्याला मिठ्या मारू लागतात. मग स्टँडमध्येही टाळ्या सुरू होतात. पोरगा वर गेला!

नॉर्थ कॅरोलायनातलं डरहॅम एकेकाळी तंबाखूवर जगलं. मैदानाशेजारच्या जुन्या सिगारेट कारखान्यात आता कचेऱ्या आणि खाण्यापिण्याची ठिकाणं आहेत. बुल्स हा रेजचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मेजर लीगच्या एकच पायरी खाली. खेळाडूंचे आणि प्रशिक्षकांचे पगार रेज देतात, त्यामुळे कोण खेळणार हेही तेच ठरवतात. मैदान चालवणं, तिकिटं, बिअर आणि टोप्या विकणं हे स्थानिक मालकाचं, म्हणजे कॅपिटल ब्रॉडकास्टिंग कंपनीचं काम. ऐन जुलैत त्यांचा सगळ्यात चांगला बॅटर उचलून नेला तरी त्यांना काही बोलता येत नाही. जिंकण्याच्या भरवशावर तिकिटं खपवायची सोयच नाही. म्हणून आतषबाजी, दोन डावांच्या मध्ये लहान मुलांच्या शर्यती, आणि डाव्या कुंपणावरचा तो प्रचंड बैल, ज्याला चेंडू लागला तर बॅटरला स्टेक मिळतो. माणसं मजेत येतात. माझी मुलंही येतात.

पैशाचा हिशेब मात्र दिवसांवर चालतो. २०२३ साली मायनर लीगच्या खेळाडूंना संघटनेमार्फत पहिल्यांदा सामूहिक करार मिळाला आणि ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर ठरला. त्याच वर्षी मेजर लीगमधला किमान पगार होता ७,२०,००० डॉलर. तो हंगामातल्या दिवसांप्रमाणे मिळतो, दिवसाला ३,८०० डॉलरहून जास्त. डरहॅममधल्या साध्या खेळाडूची वर्षाची किमान कमाई वर नऊ-दहा दिवसांत सुटते. आणि ही सुधारलेली परिस्थिती! २०१८ साली अमेरिकी काँग्रेसने खास कायदा करून या मुलांना ओव्हरटाइमच्या हक्कातून वगळलं होतं. पुढे जुन्या थकबाकीच्या दाव्यात मेजर लीगला १८.५ कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. घामाचे पैसे देण्यासाठी कोर्टाची पायरी चढायला लावणाऱ्या धंद्याबद्दल मला आजही चीड आहे.

पगारापेक्षाही मोठं मोल सेवेच्या दिवसांना आहे. हंगाम साधारण १८७ दिवसांचा. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. पहिली तीन वर्षं बहुतेकांना संघ देईल तेवढाच पगार, पुढची तीन वर्षं पगारासाठी लवादाकडे जाण्याची मुभा, आणि सहा वर्षं भरल्यावर कुठल्याही संघाशी भाव करण्याचा हक्क. २०१५ साली शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलला वर आणलं. हंगामाअखेर त्याचे दिवस भरले १७१. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू, पण एका दिवसापायी त्याचं मोकळं होणं वर्षभर लांबलं. त्याची तक्रार २०२० साली फेटाळली गेली.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला सगळेच धजत नाहीत. इव्हान लाँगोरिया २००८च्या एप्रिलमध्ये डरहॅमहून वर गेला आणि सहा दिवसांत त्याने रेजशी सहा वर्षांचा, १.७५ कोटी डॉलरचा करार केला. त्याच वर्षी रेज वर्ल्ड सीरिजपर्यंत पोहोचले. कमी खर्चात संघ उभा करणाऱ्या रेजसारख्यांना असे करारच तारतात.

मोकळं होण्याआधीची सेवेची ही सहा वर्षं १९७६च्या वाटाघाटीत ठरली. तोवर मालक खेळाडूला हवा तितका काळ बांधून ठेवत. डिसेंबर १९७५मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि ती बांधिलकी तुटली. ओकलंडचे मालक चार्ली फिनली म्हणत होते, सगळ्यांनाच दरवर्षी मोकळं करा. खेळाडूंचे पुढारी मार्विन मिलर यांना नेमकी त्याचीच धास्ती होती, कारण लासलगावात एकाच दिवशी सगळा कांदा उतरला तर जे होतं तेच पिचरांच्या भावाचं झालं असतं. बाकीच्या मालकांनी फिनलींचं ऐकलं नाही. दरवर्षी थोडेच खेळाडू मोकळे होऊ लागले आणि भाव चढत गेले.

त्या चढत्या भावाचा वाटा लवकर वर पोहोचलेल्यांना मिळतो. हुआन सोटो १९व्या वर्षी वर आला, म्हणून २६व्या वर्षी मोकळा झाला आणि डिसेंबर २०२४मध्ये मेट्सने त्याला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर दिले. सत्ताविसाव्या वर्षी वर जाणारा पिचर मोकळा होईपर्यंत तेहतिशीत पोहोचतो, तोही खांदा टिकला तर. म्हणून इथल्या कित्येकांच्या डोक्यात सहा वर्षांचा नाही, ४३ दिवसांचा आकडा असतो. मेजर लीगमध्ये तेवढे दिवस भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो.

मेजर लीगच्या २०२२च्या करारात थोडी दुरुस्ती झाली. एका हंगामात खेळाडूला पाचपेक्षा जास्त वेळा सहजासहजी खाली धाडता येत नाही, आणि सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष धरतात. हा करार १ डिसेंबर २०२६ला संपतो. नव्या करारात खेळाडूंच्या संघटनेने वयाची अट मागावी असं मला मनापासून वाटतं: सेवेचे दिवस कितीही भरलेले असोत, ठरावीक वयानंतर खेळाडू मोकळा.