नळीत उशिरा, नसेत लवकर

पायाच्या शिरेत गुठळी झालेली, आणि त्याच माणसाचा रिपोर्ट सांगतो की रक्त गोठायला जास्त वेळ लागतोय. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना काम करायला फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाचा पृष्ठभाग लागतो, गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याच्या शेतकऱ्याला धान मळायला खळं लागतं तसा. तपासणीच्या नळीत खळं मोजकंच. ते रुग्णाच्या रक्तातल्या, फॉस्फोलिपिडला चिकटणाऱ्या अँटिबॉडी अडवून बसतात आणि काम रेंगाळतं. शरीरात मात्र त्याच अँटिबॉडी रक्तवाहिनीच्या अस्तराला आणि प्लेटलेटना चिथावतात. जागोजागी नवी खळी तयार होतात आणि गुठळ्या धरतात.

या अँटिबॉडींचा माग लागला तो सिफिलिसमुळे. तो आजार ओळखण्याच्या 1906च्या वासरमन चाचणीत पुढे बैलाच्या हृदयाचा अर्क वापरू लागले, पण त्यातलं नेमकं काय काम करतं ते कुणाला ठाऊक नव्हतं. 1941च्या सुमारास न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या मेरी पँगबॉर्न यांनी तो पदार्थ वेगळा काढला: कार्डिओलिपिन नावाचं फॉस्फोलिपिड. सिफिलिसची व्हीडीआरएल चाचणी आजही त्याच्याच आधारावर चालते! पुढे ल्यूपसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजाराच्या, काही रुग्णांमध्ये सिफिलिस नसताना ही चाचणी पॉझिटिव्ह येते, हे ध्यानात आलं. 1983 साली लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी अँटिबॉडी, गुठळ्या आणि गर्भपात यांची सांगड घातली, आणि आजाराला त्यांचं नाव मिळालं. त्यांचा मान योग्यच, पण त्या वर्षी तयार झालेली अँटिबॉडीची नवी चाचणीही कार्डिओलिपिनवरच उभी होती. पँगबॉर्नबाईंचं नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच माहीत असतं, याची मला खंत वाटते.

गडचिरोलीत मलेरिया आणि सिकलसेल दोन्ही आढळतात, त्यामुळे तिथं निदानाचा गुंता वाढतो. मलेरियातही या अँटिबॉडी काही काळ दिसतात आणि बहुधा गुठळी न करताच ओसरतात. सिकलसेलमध्ये तर अँटिबॉडी नसतानाही गुठळ्या होतात: वाकड्या झालेल्या पेशींच्या आत दडलेलं फॉस्फोलिपिड बाहेर येतं, अस्तराला सूज येते. म्हणून एका पॉझिटिव्ह रिपोर्टवर निदान करू नये. किमान 12 आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. सिकलचा रुग्ण गुठळी घेऊन आला तरी सगळा दोष सिकलवर टाकून मोकळं होऊ नये.

ल्यूपसमध्ये आणखी एक पेच असतो. बोट काळं पडलं, तर रक्तवाहिनीची भिंत सुजली की आत गुठळी अडकली? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. सुजेला स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, गुठळीला रक्त पातळ करणारी. काही जणांत दोन्ही एकत्र असतात. अशा वेळी ऊतीचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कधीकधी उलगडा होत नाही.

वारंवार गर्भ जाणाऱ्या बाईला तर ही तपासणी सुचवायलाच हवी. निदान पक्कं झालं, तर गरोदरपणात कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं देतात, आणि अशा कित्येक जणींचं बाळंतपण सुखरूप होतं.